केळीचं पिल्लू देताना

केळ्याला बी नसते. सोललेल्या केळ्याच्या मधोमध जे बारीक काळे ठिपके दिसतात, ती बी व्हायची राहून गेलेली बी. पेरली तर काही उगवत नाही. केळ आयुष्यात एकदाच घड देते आणि मरते. मरण्याआधी तिच्या बुंध्याशी पिल्लं फुटलेली असतात. नुसतं सोडून दिलं तर ती तिथल्या तिथे वाढत राहतील. पण दुसऱ्या अंगणात, दुसऱ्या गावात केळ जायची असेल, तर कुणीतरी कुदळ घ्यावी लागते, पिल्लू कंदासकट सोडवावं लागतं, उचलून न्यावं लागतं आणि नव्या खड्ड्यात लावावं लागतं. वारा हे काम करत नाही, पक्षी करत नाहीत. माणूसच करतो.

आता नकाशावर हवाई बेटं बघा. प्रशांत महासागराच्या मधोमध, सर्वांत जवळच्या खंडापासून साडेतीन हजार किलोमीटरहून जास्त लांब. तिथे केळी आहेत, आणि युरोपियन जहाजं पोचायच्या कितीतरी शतकं आधीपासून आहेत. म्हणजे सुमारे हजारएक वर्षांपूर्वी पॉलिनेशियन दर्यावर्दी जोडहोड्यांतून, ताऱ्यांच्या आणि लाटांच्या अंदाजाने ही बेटं शोधत आले, तेव्हा त्या होड्यांत माणसं, कुत्री, डुकरं, कोंबड्या, अळूचे कंद यांच्यासोबत केळीची पिल्लंही होती. खाऱ्या पाण्यापासून सांभाळत, मोजून मापून प्यायचं पाणी असताना, त्यांनी ती जिवंत ठेवली.

हवाईयन भाषेत केळीला 'माइआ' म्हणतात. एकेकाळी तिथे केळीच्या डझनावारी जाती होत्या आणि प्रत्येकीला नाव होतं. पोपोउलू, म्हणजे उलूच्या, आपल्या विलायती फणसाच्या, गोळ्यासारखी गुबगुबीत. माहोए, म्हणजे जुळी, जिला एका खांबावर दोन घड येत. मानिनी, पांढऱ्या-हिरव्या पट्ट्यांची, त्याच नावाच्या पट्टेरी माशासारखी. आणि या लेखाची नायिका, इहोलेना. इहो म्हणजे गाभा, लेना म्हणजे पिवळा.

इहोलेनाची कोवळी पानं खालून तांबूस-जांभळी असतात, त्यामुळे ती लांबूनही ओळखू येते. केळी घडाला चिकटून न राहता बाहेरच्या बाजूला ताठ उभी राहतात. साल पिवळी, आणि आतला गर किंचित गुलाबीसर. हवाईच्या जुन्या जातींपैकी बऱ्याच शिजवूनच खायच्या असतात. इहोलेना शिजवूनही चालते आणि कच्चीही, म्हणजे पिकल्यावर नुसती सोलूनही.

केळीचं काही वाया जात नसे. इमू, म्हणजे जमिनीतली भट्टी. खड्ड्यात लाकडं पेटवून ज्वालामुखीचे दगड लालबुंद तापवायचे, त्यावर केळीचा खांब ठेचून पसरायचा. त्या खांबात इतकं पाणी असतं की लगेच वाफ धरते. मग अन्न ठेवायचं, वरून पानं, चटया, माती. आजही हवाईत डुक्कर भाजायचं असेल तर केळीचा खांब ठेचून घालतात. पानांत अन्न बांधायचं, खांबाच्या सोपटांचे दोर करायचे, केळफुलातला गोड रस तान्ह्या बाळांना चाटवायचा. इहोलेनाच्याच गोतावळ्यातली 'लेले' नावाची एक उंच केळ देवाच्या वेदीजवळ लावत आणि तिची फळं देवाला वाहत.

इथपर्यंत गोष्ट छान आहे. समुद्र, होड्या, आजीआजोबांचं शहाणपण. सोशल मीडियावर टाकायला दोन मिनिटांचं सुंदर रील होईल. पण इहोलेनाबद्दल एक गोष्ट अजून सांगायची राहिली आहे. हवाईत बायकांना खायची परवानगी होती अशा मोजक्या केळींपैकी ती एक होती.

*

जुन्या हवाईचं जगणं 'कापू'ने बांधलेलं होतं. पॉलिनेशियातल्या टोंगा बेटांवर याच शब्दाचा उच्चार 'टापू' असा करतात. १७७७ मध्ये कॅप्टन कुकने तो तिथे ऐकला आणि त्यातून जगभर 'टॅबू' हा शब्द गेला. कापू म्हणजे पवित्रही आणि निषिद्धही. कधी मासे धरायचे नाहीत, कुणाच्या सावलीत पाय टाकायचा नाही, कुणी कुणासोबत जेवायचं नाही, हे सगळं त्यात ठरलेलं.

जेवणाचा कापू सगळ्यांत कडक. पुरुषांचं जेवणघर वेगळं, बायकांचं वेगळं. स्वयंपाक पुरुष करत (हे वाचून आपल्याकडे काहींच्या भुवया उंचावतील), पण त्यासाठीही दोन वेगळ्या भट्ट्या लागत, एक स्वतःसाठी आणि एक बायकोसाठी. डेव्हिड मालो हा एकोणिसाव्या शतकातला हवाईयन लेखक. कापूच्या काळात जन्मलेला, कापू मोडताना पाहिलेला. त्याने बायकांना निषिद्ध असलेल्या पदार्थांची यादी लिहून ठेवली आहे. डुकराचं मांस, नारळ, काही मासे, कासव आणि केळी. मोडणाऱ्या बाईला शिक्षा मरणाची.

यामागे एक विचार होता. केळ हे कानालोआ या देवाचं शरीररूप मानलं जाई, तसं इतर पदार्थही कुठल्या ना कुठल्या देवाचं. ते पुरुषांचं, यज्ञाचं अन्न. त्यातून इहोलेना आणि पोपोउलूसारख्या काही जाती बायकांसाठी सोडलेल्या.

कापिओलानी नावाच्या सरदार घराण्यातल्या मुलीची एक हकीकत आहे. लहानपणी तिला निषिद्ध केळं चाखून बघायचं होतं. एका लहान सेवक मुलाने ते तिला आणून दिलं. प्रकार उघडकीला आला. ती उच्च कुळातली, म्हणून वाचली. तिच्याऐवजी त्या मुलाला मारलं. ही गोष्ट आपल्यापर्यंत मिशनऱ्यांच्या लिखाणातून आली आहे, आणि जुना धर्म क्रूर होता हे दाखवण्यात मिशनऱ्यांना रस होता, हे विसरून चालणार नाही. मालोही पुढे ख्रिस्ती झाला. पण शिक्षा मरणाची होती, याबद्दल सगळ्यांचं एकमत आहे.

आता प्रश्न असा. आज हवाईत कुणी तरुण मुलगी आपल्या अंगणात इहोलेना लावते, 'हा माझ्या पूर्वजांचा वारसा' असं म्हणते, तेव्हा ती नेमकं काय लावत असते? त्या होडीतलं पिल्लू, की ती यादी?

*

पटकन सुचणारं पहिलं उत्तर असं की केळ्याचा काय दोष. रोप निरागस आहे, नियम माणसांचे. रोप ठेवा, नियम फेका. हे उत्तर चुकीचं नाही, पण जरा जास्तच सोपं आहे. इहोलेना ही 'इहोलेना' आहे ती फक्त गराच्या रंगामुळे नाही. तिचं नाव, तिची कुठली पानं कशाला, ती कुणी खायची, कुठे लावायची, हे सगळं मिळून ती जात बनली. नियम वजा केले की उरतं ते सुपरमार्केटमधलं आणखी एक फळ, ज्याच्यावर 'हेरिटेज' असं स्टिकर लावून जास्त किंमत घेता येते.

दुसरं उत्तर याच्या उलट. परंपरा म्हणजे अख्खी वीण, एक धागा ओढला की सगळं उसवतं. घ्यायचं तर सगळं घ्या, नाहीतर काहीच नको. गंमत म्हणजे हे उत्तर कट्टर परंपरावादीही देतात आणि कट्टर परंपराविरोधकही. दोघांचं निष्कर्षावर भांडण असतं, गृहीतकावर नसतं.

हवाईच्या लोकांनी काय केलं, ते बघू.

मे १८१९ मध्ये सगळी बेटं एकत्र आणणारा राजा पहिला कामेहामेहा वारला. त्याचा मुलगा लिहोलिहो गादीवर आला. राज्याच्या कारभारात वाटा मिळवलेली कामेहामेहाची लाडकी राणी काआहुमानू आणि लिहोलिहोची आई केओपूओलानी, या दोघींनी कापू मोडायचं ठरवलं. आईने आधी धाकट्या मुलासोबत बसून जेवण केलं. मग नोव्हेंबरमध्ये कैलुआला मोठी मेजवानी झाली. पुरुषांची पंगत वेगळी, बायकांची वेगळी. लिहोलिहो उठला, बायकांच्या पंगतीत जाऊन बसला आणि जेवू लागला. सगळे बघत राहिले. आकाश कोसळलं नाही. याला 'आइ नोआ' म्हणतात, मोकळं जेवण. पहिले मिशनरी हवाईला पोचले ते त्यानंतर, १८२० मध्ये. म्हणजे हा निर्णय बाहेरच्यांनी करवून घेतलेला नव्हता.

त्यात राजकारण होतं, हे उघड आहे. कापू सांभाळणाऱ्या पुजाऱ्यांची आणि प्रतिस्पर्धी सरदारांची ताकद त्याने कमी होणार होती. पण त्यांनी केळी तोडून टाकल्या नाहीत. केळी तिथेच राहिल्या. फक्त खाणारे हात वाढले.

इथे गोष्ट संपली असती तर मला हा लेख लिहायची गरज नव्हती. डिसेंबर १८१९ मध्ये लिहोलिहोचा चुलतभाऊ केकुआओकलानी जुन्या धर्माच्या बाजूने लढायला उभा राहिला. कुआमोओ इथे लढाई झाली. तो पडला. आणि त्याच्या शेजारी लढत होती त्याची बायको, मानोनो. तीही तिथेच मेली.

मी मानोनोपाशी अडकलो आहे. जिने नवऱ्यासोबत एका पंगतीत बसणं हा गुन्हा होता, ती त्या नियमासाठी त्याच नवऱ्यासोबत रणांगणावर मेली. तिला भोळी म्हणून बाजूला सारणं सोपं आहे. पण कदाचित तिला दिसत होतं की कापूबरोबर आणखी बरंच काही जाणार आहे. आणि ते गेलंही. देवळं पाडली गेली, मूर्ती जाळल्या. ज्या काआहुमानूने बायकांना पंगतीत बसवलं, तिनेच पुढे ख्रिस्ती झाल्यावर, १८३० मध्ये, सार्वजनिक हुला नृत्यावर बंदी घातली. १८९३ मध्ये अमेरिकन व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने राणी लिलिउओकलानीला पदच्युत केलं गेलं, आणि १८९६ च्या कायद्याने शाळा इंग्रजीत गेल्या. भाषा आटली तशी केळीच्या जातींची नावं आटली. नाव गेलं की जात ओळखणारं कुणी उरत नाही, आणि ओळखणारं कुणी नसलं की तिचं पिल्लू कुणी उचलून नेत नाही.

तेव्हा 'वाईट ते फेका' म्हणणाऱ्याला मानोनो एक अवघड प्रश्न विचारते. वाईट कुठलं, हे ठरवणार कोण? एकच हात एकदा योग्य गोष्ट तोडतो आणि अकरा वर्षांनी नको ती.

*

याचं उत्तर शोधताना मला मदत झाली ती तत्त्वज्ञानापेक्षा एका रोगाची.

१९८९ मध्ये ओआहू बेटावर केळीचा 'बंची टॉप' नावाचा विषाणू पहिल्यांदा सापडला. मराठी शेतकरी त्याला पर्णगुच्छ म्हणतात. पानं आखूड, अरुंद, ताठ होत जातात आणि शेंड्याला गुच्छासारखी दाटतात. घड येत नाही, आला तर नावापुरता. औषध नाही. पुढच्या काही वर्षांत तो इतर बेटांवरही पोचला.

तो पसरतो दोन वाटांनी. एक म्हणजे केळीवरचा मावा. दुसरी वाट म्हणजे पिल्लं. आईला विषाणू असेल तर पिल्लांतही असतो, पण लगेच दिसत नाही. पिल्लू तरतरीत असतं, हिरवंगार असतं. कुणी प्रेमाने शेजाऱ्याला देतं, कुणी लेकीला देतं, कुणी दुसऱ्या बेटावरच्या मित्राला देतं. काही महिन्यांनी तिथे पानं आखडायला लागतात.

हे वाचलं आणि मी थांबलो. ज्या कृतीने केळ हजार वर्षं जगली, तीच कृती आता तिला मारत होती. देणाऱ्याच्या प्रेमात काही खोट नव्हती. पण प्रेमाने दिलं म्हणून पिल्लू निरोगी होत नाही.

रोग लागलेली केळ सापडली तर नियम एकच. आधी मावा मारायचा, मग कंदासकट सगळं बन नष्ट करायचं. म्हणजे पणजीने लावलेली इहोलेना असेल तर ती स्वतःच्या हाताने संपवायची. परंपरा वाचवण्यासाठी परंपरेचा एक तुकडा मारायचा. आणि मग प्रयोगशाळेत तपासून, टिश्यू कल्चरने वाढवलेलं स्वच्छ रोप आणून त्याच मातीत पुन्हा लावायचं, जुन्याच नावाने.

*

आमच्या आजीच्या परसात राजेळी केळ होती. मोरीचं पाणी पाटातून तिच्या बुंध्याशी जायचं. वनस्पतिशास्त्राच्या हिशोबाने राजेळी आणि इहोलेना एकाच मोठ्या गटात येतात. दोन रानटी जातींच्या संकरातून झालेला 'एएबी' गट. एक फांदी आमच्या कोकणात पोचली, दुसरी प्रशांत महासागर ओलांडून गेली. आजी प्रत्येक लेकीच्या घरी एक पिल्लू पाठवायची. गोणपाटात बांधून, माती ओली करून. मावशीच्या परसातली राजेळी त्यातलीच.

आजीने लेकींना आणखीही काही दिलं. महिन्याचे चार दिवस बाजूला बसायचं. लोणच्याला हात लावायचा नाही. पुरुषांची पानं उठल्याशिवाय जेवायला बसायचं नाही. हेही तिने प्रेमानेच दिलं. मुलीला सासरी बोल लागू नये म्हणून दिलं. ती दुष्ट नव्हती. तिला कुणी दिलं होतं, तिने पुढे दिलं, केळीच्या पिल्लासारखंच.

लहानपणी विचारलं की उत्तर यायचं, "असंच चालत आलंय." मला आता या वाक्याचीच शंका येते. काहीही आपलं आपण चालत येत नाही. केळही आली नाही. कुणीतरी ती उचलून आणली, आणि प्रत्येक पिढीत कुणीतरी पुन्हा उचलली. कापूही आपोआप टिकला नाही. कुणीतरी दुसरी भट्टी पेटवली, कुणीतरी त्या लहान मुलाला धरून नेलं. बाजूला बसायची चटईही रोज कुणाच्या तरी हाताने अंथरली जाते. परंपरा चालते ती आपल्या पायांनी. म्हणून मला वाटतं, 'परंपरा आहे' हे कारण होऊ शकत नाही. ते फक्त एवढंच सांगतं की आधीच्याने उचललं होतं. मी उचलू का, हा प्रश्न त्यानंतर उरतोच, आणि त्याचं उत्तर माझ्या नावावर पडतं.

मग मानोनोच्या प्रश्नाचं काय? तपासणार कोण? इथे विषाणूची उपमा अपुरी पडते, हे मान्य केलं पाहिजे. पानाचा तुकडा तपासून विषाणू आहे की नाही ते कळतं. रीत तपासायचं असं यंत्र नाही. १८३० मध्ये हुला रोगट ठरली होती. पुढे राजा कालाकाउआने ती परत राजवाड्यात आणली, आणि आज हवाईचं नाव घेतलं की डोळ्यांसमोर तीच येते.

मला सुचतं ते एवढंच. तपासायचा पहिला हक्क त्याचा, ज्याला त्या रितीने उपाशी ठेवलं. हुला थांबवून नाचणाऱ्याचा जीव गुदमरला. कापू थांबल्याने गुदमरले ते दुसऱ्याला अडवणारे. दोन्हींत फरक आहे, आणि तो वरून बघून कळत नाही. पंगतीच्या कुठल्या बाजूला तुम्ही बसला होता, त्यावरून कळतो. अर्थात मानोनो त्याच बाजूची होती आणि तिने वेगळं ठरवलं. तिचं ऐकूनही मी काआहुमानूच्या बाजूने राहीन. पण मानोनोला उत्तर द्यायला बांधील आहे हे लक्षात ठेवून, म्हणजे कापू मोडताना भाषा, नावं आणि नाच सोबत जाणार नाहीत, याची जबाबदारी घेऊन.

आणि इहोलेना लावणारी ती मुलगी? तिने लावावी. तिने मुलांना सांगावं की ही होडीतून आली. हेही सांगावं की एकेकाळी बायकांना हीच आणि अशीच मोजकी केळी मिळत, कारण बाकीची खाल्ली तर जीव जायचा. दुसरी गोष्ट लपवली तर पहिली खोटी पडते. मग घड उतरवावा आणि सगळ्यांनी एका ताटात बसून खावा.

गेल्या पावसाळ्यात मी मावशीकडून राजेळीचं एक पिल्लू आणलं. आणण्याआधी पानं उलटसुलट करून पाहिली, मावा आहे का बघितलं. मावशी हसली, "आईच्या केळीवर विश्वास नाही होय रे?"

विश्वास आहे, मावशी. म्हणूनच बघतोय.